विमानाची भीती सोबत घेऊन विमानात कसं बसायचं

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. पैशांची अडचण म्हणावी तर तीही शेवटची दहा वर्षं नव्हती. दिल्लीतलं भाचीचं लग्न ‘ऑडिट आहे’ म्हणून चुकवलं. बेंगळुरूची ऑफिसची कामं उद्यान एक्सप्रेसने जाऊन केली. घरात सगळ्यांना खरं कारण माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. आता वर्षातून चार-पाचदा विमानाने जाते. भीती गेली का? नाही. धावपट्टीवर विमान वळलं की तळहात अजून ओले होतात.

हे आधीच सांगते, कारण मी कित्येक वर्षं चुकीच्या क्रमाने विचार करत होते. आधी भीती जाईल, मग विमानात बसू. पण विहिरीच्या काठावर बसून कुणी पोहायला शिकत नाही. आमच्या गावात पाठीला सुका भोपळा बांधून पोरांना पाण्यात ढकलायचे. पुढे जे लिहिलंय ते सगळे असे भोपळे आहेत.

आधी ठरवा, भीती नेमकी कसली

‘मला विमानाची भीती वाटते’ या एका वाक्यात चार-पाच वेगळ्या भीती असतात. कुणाला विमान पडेल असं वाटतं. कुणाला बंद जागेत कोंडल्यासारखं होतं, त्यांना लिफ्टमध्येही तसंच होतं. कुणाला चालवणारा दिसत नाही याचा त्रास, आणि अशी माणसं गाडीतही शेजारी बसून ब्रेक दाबत असतात. कुणाला भीती स्वतःचीच असते: मला चक्कर आली, मी ओरडले, सगळ्यांसमोर शोभा झाली तर? उंचीची भीती असलेल्यांना मात्र विमानात बऱ्याचदा काहीच होत नाही. गच्चीच्या कठड्याशी पाय लटपटतात तसं तिथे होत नाही, कारण जमिनीशी सांधणारं काही नजरेसमोर नसतं.

कागदावर लिहून काढा. माझ्या कागदावर पहिल्या नंबरला ‘आवाज’ होता. विमान पडेल हे त्याखाली. कुठलाही नवा आवाज आला की माझं मन थेट पडण्यापर्यंत पोचायचं. म्हणजे मला आकडेवारीपेक्षा आवाजांची माहिती हवी होती.

आकडेवारीबद्दल एकदाच बोलून घेते. १२ जून २०२५ ला अहमदाबादला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. त्यामुळे ‘अगं काही होत नाही’ असं कुणी सहज म्हटलं की मला राग येतो. होतं, पण फार क्वचित. याउलट आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि तरी आपण रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये निवांत घोरतो. हे डोक्याला पटतं. छातीतल्या धडधडीला पटत नाही, म्हणून आकड्यांवर फार विसंबू नका.

महिनाभर आधी

रोज दहा मिनिटं श्वासाचा सराव. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा किंवा आठ मोजत हळूहळू बाहेर. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे, सगळी गोम तिथेच आहे. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके खाली येतात. हा सराव घरी, स्वयंपाक करताना, सिग्नलला थांबल्यावर करा. विमानात पहिल्यांदा करून बघाल तर जमणार नाही.

दुसरं, विमानं बघा. कुणाला तरी सोडायच्या निमित्ताने विमानतळाच्या दारापर्यंत जाऊन या. फोनवर फ्लाइटरडार२४ हे ॲप घ्या आणि तुम्ही जाणार तेच विमान आठवडाभर रोज बघा. निघालं, गेलं, उतरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला या कंटाळवाण्या उद्योगाने फार मदत केली. चौथ्या दिवशी मी बघायला विसरले, तेव्हा बरं वाटलं.

अपघातांचे व्हिडिओ, त्यावरचे कार्यक्रम या महिन्यात पूर्ण बंद. ‘माहिती घेतेय’ म्हणून आपण बघतो आणि रात्री दोनपर्यंत जागतो.

इंजिन बंद पडलं तर, हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना पडतो. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर व्यवस्थित उडत राहतं आणि उतरतं, त्याची चाचणी झाल्याशिवाय परवानगीच मिळत नाही. दोन्ही बंद पडली तरी विमान दगडासारखं पडत नाही, घसरगुंडीवरून उतरावं तसं तरंगत खाली येतं. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅटच्या विमानातलं इंधन अटलांटिक महासागरावर संपलं. दोन्ही इंजिनं बंद, आणि विमान सुमारे १२० किलोमीटर तसंच तरंगत जाऊन अझोर्स बेटांवर उतरलं. आतले ३०६ जण जिवंत राहिले. ही गोष्ट मी इतक्या वेळा वाचलीय की घरचे हसतात.

तिकीट काढताना

पहिला प्रवास दीड तासाच्या आतला, थेट आणि सकाळचा असावा. दुपारी जमीन तापते, गरम हवा वर उठते आणि गचके वाढतात. एप्रिल-मे मध्ये मराठवाडा-विदर्भावरून दुपारी गेलात तर हे चांगलंच कळेल. जून ते सप्टेंबर पहिला प्रवास नको. सह्याद्रीवर ढग दाटलेले असतात आणि मुंबईत उतरणं लांबत जातं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीही नको, धुक्याने विमान उशिरा सुटतं आणि गेटवर बसून भीती आंबते.

शक्य असेल तर एअरबस किंवा बोईंगचं जेट घ्या, ते तिकीट काढताना दिसतं. पंख्याचं एटीआर वाईट नसतं, पण ते खालून उडतं आणि जास्त हलतं. तो अनुभव तिसऱ्या-चौथ्या वेळेसाठी ठेवा.

सीट पंखांजवळची. बैलगाडीत जूं हलतं आणि मागचं टोक आपटतं, पण आसाजवळ धक्के कमी लागतात, तसंच हे. शेवटच्या रांगा टाळा. कोंडल्यासारखं होत असेल तर आईल, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट, हवेच.

मुंबईकरांना माझा आवडता सल्ला: जाताना गोव्याचं विमान, येताना मांडवी एक्सप्रेस. सव्वा तासाचं धाडस आणि परतीचं टेन्शन शून्य. ‘परतही विमानानेच यायचंय’ हे ओझं पहिल्या सुट्टीची माती करतं. रेल्वेने मडगावहून निघणार असाल तर गोव्याच्या दोन विमानतळांपैकी दाबोळी जवळ पडतं, मोपा लांब. आणि मांडवीतलं खाणं हे बक्षीसच समजा.

सोबत कोण असावं? जो शांत बसू शकतो तो. दर पाच मिनिटांनी ‘बरं वाटतंय ना?’ विचारणारा नको आणि विनोद करणारा तर अजिबात नको. माझे यजमान दुसऱ्या प्रकारातले. त्यांना मी चार रांगा मागे बसवलं होतं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली झोपेची गोळी घेऊ नका. भीती फारच असेल तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना आधी भेटा. टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरं नेण्याची त्यांची पद्धत असते आणि ती उपयोगी पडते. त्यांनी औषध दिलंच तर पहिली गोळी घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघायची. त्यावर दारू नाही.

विमानतळावर

दोन तास आधी पोचा. वेब चेक-इन आदल्या दिवशी घरूनच करा. दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो, मग काउंटरवर मोठी बॅग द्यायची, मग सुरक्षा तपासणी. देशांतर्गत प्रवासाला बहुतेक ठिकाणी मोठी बॅग १५ किलो, हातातली ७ किलो. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवायची. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत चालत नाही. आजीने दिलेली खोबऱ्याची वाटी तपासणीत निघाली की आधीच धडधडणाऱ्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलंय.

चहा-कॉफी त्या दिवशी एकच कप. कॉफीने होणारी धडधड आणि भीतीने होणारी धडधड शरीराला वेगळी ओळखता येत नाही. उपाशीही राहू नका, दोन इडल्या खा.

सगळ्यात वाईट वेळ ही गेटवरची असते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते इथे पुरेपूर पटतं. परत फिरावंसं वाटतं, आणि फिरलात तर क्षणात हायसं वाटतं. तेच हायसं वाटणं भीतीला खतपाणी घालतं, पुढच्या वेळी ती दुप्पट असते. मी एकदा पुण्यात गेटवरून परत आले आहे. रिक्षात बसल्यावर जो आनंद झाला, त्याची किंमत पुढची तीन वर्षं मोजली.

विमानाच्या दारात केबिन क्रू उभे असतात. त्यांना सांगा, ‘माझी पहिलीच वेळ आहे, मला भीती वाटते.’ लाज वाटून घेऊ नका. ते रोज असे प्रवासी बघतात. नंतर गचके बसले की त्यांच्याकडे बघा. तो माणूस कंटाळलेल्या चेहऱ्याने सँडविचची ट्रॉली ढकलत असेल तर काळजीचं कारण नाही.

दार बंद झाल्यावर कायकाय ऐकू येतं

हा भाग जमलं तर फोनमध्ये उतरवून घ्या आणि सीटवर बसून क्रमाने टिक करत जा.

विमान मागे ढकललं जातं. इंजिन सुरू होताना एसीचा आवाज थोडा वेळ बंद पडतो, उकडतं, दिवेही एखाद वेळी लुकलुकतात. एसीची हवा इंजिन चालू करायला वळवलेली असते. एअरबस ए३२० मध्ये याच सुमाराला पायाखालून करवत चालल्यासारखा किंवा कुत्रं दम लागून भुंकावं तसा आवाज येतो. हा हायड्रॉलिकचा पंप. माझ्या पहिल्या वेळी मला वाटलं सामानात खरंच कुणाचं तरी कुत्रं आहे. मग पंखांमधून बारीक घरघर येते, तेव्हा पंखाच्या मागच्या कडा बाहेर सरकत असतात.

धावपट्टीवर विमान थांबतं आणि अचानक जोर लावतं. पाठ सीटला चिकटते. खालून टक-टक-टक असे ठोके येतात, ते धावपट्टीच्या मधोमध बसवलेल्या दिव्यांवरून पुढचं चाक जातं त्याचे. तीस-चाळीस सेकंदांचा खेळ. मोठ्याने नाही, पण मनात आकडे मोजा. पन्नासच्या आत जमीन सुटलेली असते. लगेच पोटाखाली धडाम. चाकं आत गेली, दारं बंद झाली.

आणि आता ती जागा, जिथे माझ्यासारखे लोक गारठतात. उड्डाणानंतर मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि विमान खाली जातंय असं वाटतं. पोटात खड्डा पडतो. विमान खाली जात नसतं. उडताना लावलेला जादा जोर वैमानिक कमी करतो, आणि चढण्याचा वेग घटला की कानातला तोल सांभाळणारा अवयव त्याचा अर्थ ‘पडतोय’ असा लावतो. डोळे मिटलेले असतील तर जास्तच.

माझा पहिला प्रवास पुणे-नागपूर. शेजारी वर्ध्याकडचे एक काका होते, पांढरा शर्ट, खिशात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. आवाज उतरला तसा मी त्यांचा दंड धरला. ओळख ना पाळख. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. पुडी उलगडून एक पिवळी गोळी माझ्या पुढ्यात धरली आणि म्हणाले, ‘काहून भेता ताई? चढ सरला का पाय उचलतेच न माणूस.’ खंबाटकी चढून झाल्यावर ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करतो, तेच. इतक्या लेखांत मला न कळलेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली, आणि स्वतः पेपर वाचायला लागले.

लिमलेटची गोळी कानांसाठीही कामाची. चढताना आणि विशेषतः उतरताना कान बंद होतात, तेव्हा गिळत राहायचं. आवळा सुपारीही चालते. सर्दीने नाक पूर्ण बंद असेल तर मात्र शक्य असल्यास तारीख बदला, कानात कळा येतात.

कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांसाठी: आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तितका ठेवतात. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोड्या वरच्या उंचीची हवा. गुदमरायला होईल इतकी ती विरळ नसते, आणि सतत बदलत राहते. डोक्यावरची वाऱ्याची जाळी पूर्ण उघडा आणि तोंडावर घ्या. उडत्या विमानाचं दार कुणी उघडेल ही धास्ती असेल तर तीही सोडा, त्या उंचीवर आतला दाब दाराला असं दाबून धरतो की माणसाच्या जोराने ते हलत नाही.

गचके

लोक ‘एअर पॉकेट’ म्हणतात. हवेत पोकळ खड्डा वगैरे काही नसतं. डोंगरावरून आलेला, तापून वर चढणारा किंवा वेगाने वाहणारा हवेचा प्रवाह ओलांडताना विमान हलतं. शंभर फूट कोसळलो असं वाटतं, प्रत्यक्षात नेहमीच्या गचक्यात उंची थोडक्याच फुटांनी बदलते. पंख वरखाली हलताना दिसतील. ते हलायलाच हवेत, ताठ राहिले तर त्रास. प्रत्यक्ष उड्डाणात येईल असं मोजलेल्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार पंखांना सोसता आला पाहिजे, असा नियम आहे.

खरा धोका विमानाला नसतो, पट्टा न लावलेल्या माणसाला असतो. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला जबर तडाखा बसला, एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण छताला आपटून जखमी झाले. म्हणून डोक्यावरचा पट्ट्याच्या खुणेचा दिवा विझला तरी पट्टा सोडायचा नाही. मी तर बाथरूमला जाऊन आले की पहिलं काम तेच करते.

गचके सुरू झाले की आपण अंग आवळून धरतो, त्याने प्रत्येक धक्का हाडापर्यंत जातो. उलट करा. खांदे सोडा, पाय जमिनीवरून किंचित उचला, आणि एसटीत खडीच्या रस्त्यावर डुलतो तसे डुला. अर्धी भरलेली पाण्याची बाटली समोरच्या ट्रेवर ठेवा आणि पाण्याकडे बघा. तुमच्या अंगाला प्रलय वाटत असताना ते पाणी जेमतेम हिंदकळत असतं.

अगदीच हात-पाय गार पडले तर

पॅनिकचा झटका दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरायला लागतो. त्याला थांबवायला जाऊ नका, थांबत नाही आणि त्या झटापटीतच वाढतो. ‘आली का? बस’ असं भीतीला म्हणायचं आणि फक्त श्वास लांब सोडायचा. बर्फाचा खडा मागून घ्या, मनगटावर धरा. १०० मधून सात-सात वजा करत जा. मला ७९ च्या पुढे कधीच नीट जमत नाही, पण तोवर दोन मिनिटं जातात. छातीत सरळ दुखत असेल, डाव्या हातात कळ असेल, हृदयाचा आजार असेल तर मात्र भीतीवर ढकलू नका, घंटीचं बटण दाबा.

उतरताना

अर्धा तास आधी इंजिन शांत होतं. पंखांवर फळ्या उभ्या राहतात आणि विमान थरथरतं. मग घरघर, मग चाकं बाहेर येताना मोठा गडगडाट. मुंबईत पूर्वेकडून येताना घाटकोपर-कुर्ल्याची घरं इतकी जवळ दिसतात की पत्र्यावरच्या ताडपत्र्या मोजाव्यात. विमान रोज तिथूनच जातं. मुंबईत गर्दी असली की घिरट्याही घालाव्या लागतात. कधी टेकायच्या आधी विमान पुन्हा जोरात वर उठतं, आधीचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नसलं तरी असं करतात. वैमानिक त्याचाही सराव करतात. वीस मिनिटं उशीर, इतकंच.

पावसाळ्यात चाकं दणकन टेकली तर वैमानिकाला नावं ठेवू नका. ओल्या धावपट्टीवर चाक पाण्यावर घसरू नये म्हणून ते मुद्दाम कडक उतरवतात. त्यापाठोपाठ येणारी डरकाळी ब्रेकला मदत करणाऱ्या इंजिनाची.

घरी आल्यावर

पुढचं तिकीट तीन महिन्यांच्या आत काढा. वर्ष गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि एक वही ठेवा: आदली रात्र, गेट, उड्डाण, गचके, उतरणं असे पाच रकाने, प्रत्येकात भीती दहापैकी किती. माझ्या पहिल्या ओळीत ९, १०, १०, ८, ४ आहेत. चौथ्या ओळीत ७, ६, ७, ५, २. सातव्या वेळी मी पहिल्यांदा खिडकीशी बसले, डाव्या बाजूला, नागपूरला जाताना. त्या ओळीत पहिले तीन आकडे आहेत. गचक्यांच्या रकान्यात, वाकड्यातिकड्या अक्षरात, ‘ते गोल पाणी म्हणजे लोणार का?’ असं लिहिलंय, आणि शेवटचा रकाना भरायचा राहून गेलाय.